दोन-अडीच वर्षांच्या पोराला घेऊन बेकिंग : आमच्या मफिनचे रबर का झाले?

गोगलगाय

लेक सव्वादोन वर्षांचा आहे. मी ओट्यापाशी उभी राहिले की पायांत घुटमळतो आणि 'मी कलनाल, मी कलनाल' हे पालुपद सुरू. म्हटलं चला, एकदा खरंच करू दे. केळ्याचे मफिन करायला घेतले. कृतीत लिहिलं होतं, दहा मिनिटांत मिश्रण तयार. आम्हाला पाऊण तास लागला.

मोजायचा कप त्याच्या हातात, अर्धा मैदा फरशीवर, अंड्याचं टरफल मिश्रणात. मी टरफल शोधतेय तोवर त्याने चमचा फिरवायला जी सुरुवात केली ती थांबेचना. मीही म्हटलं, फिरव बाबा, तेवढाच रमतोस. मफिन बाहेर आले ते डोक्यावर टोक काढून, आत लांबच लांब भोकं, आणि चावायला चक्क रबर. नवऱ्याने एक खाल्ला आणि उरलेल्यांबद्दल काही बोलला नाही.

त्याहून वाईट म्हणजे, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला तर पोरगं हमसून हमसून रडलं. त्याचं पीठ मी 'नेलं' म्हणून! वीस मिनिटं कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या.

तर प्रश्न असे. चुकलं काय? एवढ्या लहान मुलाला नक्की कोणतं काम द्यावं? आणि हा कच्चं मिश्रण बोटाने चाटतो, ते चालतं का? ज्यांनी हे दिव्य केलंय त्यांनी कृपया लिहा.

रिकामटेकडा

मुलाला मातीत खेळायला सोडा, मफिन विकत आणा. दोघंही खूश. (पळतो.)

शेवंती

@रिकामटेकडा, थांबा जरा, ओव्हन तापतोय. :)

गोगलगाय, डोक्यावर टोक आणि आत बोगदे ही जास्त फेटल्याची सही आहे. मैद्याला पाणी लागलं आणि वर चमचा फिरत राहिला की ग्लुटेनची (म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनांची) जाळी घट्ट होत जाते. पावाला तीच हवी असते, मफिनला नको असते. वाफेला आणि वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ते मधूनच बोगदा काढून वर जातात आणि तिथे टोक येतं. ओलं आणि कोरडं एकत्र केल्यावर दहा-बारा वेळा खालून वर परतायचं आणि थांबायचं. मैद्याच्या बारीक गुठळ्या दिसल्या तरी चालतात.

दुसरं म्हणजे पाऊण तास. कृतीत नुसता खाण्याचा सोडा होता का? सोड्याला आंबट काही भेटलं की तो लगेच फसफसतो, तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही टरफल शोधत होतात तोवर निम्मा वायू उडून गेला. हल्ली मिळणारी बेकिंग पावडर बहुतेक दोन टप्प्यांची असते, थोडी ओलं लागल्यावर आणि बाकीची ओव्हनच्या उष्णतेत. लहान मूल हाताशी असेल तर पावडरवाली कृती घ्या, थोडी सवड मिळते.

गोगलगाय

हो, नुसता सोडाच होता. आणि 'फिरव बाबा' म्हणणारी मीच! पण मग त्याने करायचं काय? फिरवणं हेच तर त्याला येतं.

सानूची_आई

फिरवू दे की. फक्त काय फिरवायचं ते तू ठरव.

मला हे तीन-चारदा तोंडावर आपटल्यावर कळलं. कोरडं पीठ कितीही वेळ ढवळलं तरी त्याचं काहीही बिघडत नाही, पाणीच नाही तर ग्लुटेन कुठून होणार? मोठं खोलगट भांडं घ्यायचं, त्यात मैदा, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, आणि हातात तारेचं फेटणं द्यायचं. अर्धा तास ढवळ म्हणावं. उलट पावडर चांगली मिसळते. तसंच केळी कुस्करणं. काट्याने, हाताने, कशानेही. जास्त कुस्करलं म्हणून केळं वाया जात नाही. ही दोन कामं सानूची. ओलं-कोरडं एकत्र करायचे ते दहा-बारा हात माझे, आणि तेव्हा तिच्या हातात दुसरं काहीतरी असतं, म्हणजे कागदी कप ट्रेच्या खळग्यांत बसवणे. एका खळग्यात चार कप बसवते आणि बाकीचे रिकामे. मी नंतर गुपचूप काढते.

आणि मापं तिच्यासमोर घेतच नाही. ती झोपलेली असताना वजनकाट्यावर सगळं मोजून वाट्यांत काढून ठेवते. तिने फक्त वाटी उपडी करायची. कपाने मोजायला दिलं तर विचारूच नको. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. मुलं दाबूनच भरतात.

कुंदा_अ

+१. मापं आधीच घेऊन ठेवणं यात निम्मं यश आहे.

अंड्याबद्दल : नेहमी वेगळ्या वाटीत फोडायचं. टरफल पडलंच तर बोटाने पकडू नका, निसटत राहतं. फुटलेल्या टरफलाच्या मोठ्या तुकड्याने उचला, त्याची कड बलकातून सरळ कापत जाते. अंड्याला हात लागला की लगेच साबणाने धुवायचे, त्याचे आणि आपलेही.

आता चाटण्याबद्दल. नको. अंड्यातल्या साल्मोनेलाचं सगळ्यांना माहीत असतं, पण मैदाही कच्चाच असतो हे लक्षात येत नाही. गहू शेतातून येतो, दळला जातो. दळताना जंतू मरत नाहीत. कच्च्या पिठातून ई. कोलाय आणि साल्मोनेला या दोन्हींच्या साथी झालेल्या आहेत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. म्हणजे बिनअंड्याचं मिश्रणसुद्धा चाटायला नाही.

खडूस_काका

आमच्या वेळी आम्ही भांडी चाटून पुसून ठेवायचो, धुवायची गरज पडत नसे. कुणाला काही झालं नाही. हल्ली सगळ्याचीच भीती.

कुंदा_अ

काका, ज्यांना झालं ते इथे लिहायला आलेले नाहीत. :) दर वेळी होतं असं नाहीच, पण झालं तर दोन वर्षांच्या मुलाचं पोट बिघडणं म्हणजे काय ते आईला विचारा.

आणि चाटण्याची हौस भागवायला सोपी युक्ती आहे. कुस्करलेल्या केळ्यातलं दोन चमचे, अंडं-मैदा घालायच्या आधीच, एका वाटीत बाजूला काढा. ती वाटी आणि तो चमचा त्याचा. मोठ्या भांड्यातलं 'ओव्हनचं', वाटीतलं 'माझं'. आमच्याकडे हा कायदा दोन खेपांत पाठ झाला.

खडूस_काका

वाटीची आयडिया बरी आहे. मान्य.

निमा

रडण्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही हेच झालं होतं. आपल्याला माहीत असतं की वीस मिनिटांनी परत मिळणार. त्याला वीस मिनिटं म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याच्या लेखी ते गेलं ते गेलंच. मी एक कप लाल घेतला, बाकीचे पांढरे. लाल त्याचा. आत जाताना 'लाल कुठेय?' करून दाखवला, ओव्हनचा दिवा लावून लांबून पुन्हा दाखवला. 'गेलं' नाही तर 'झोपलं' म्हणायचं. झोपणारे उठतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आठ-दहा मिनिटांनी एकदा नक्की दाखवा, तेव्हा मिश्रण कपाच्या वर डोकं काढतं. बाकी वेळ भांडी घासायला बसवा. प्लास्टिकच्या वाट्या, स्पंज, पाणी. दार मात्र पहिली पंधरा मिनिटं उघडू नका, आतली हवा गार झाली की फुगलेलं मध्ये बसतं.

रिकामटेकडा

'झोपलं' म्हणून सांगायचं आणि उठल्यावर खायचं? हे जास्त भयंकर नाही का? :D

निमा

दोन वर्षांच्या मुलांना असले प्रश्न पडत नाहीत. ते तुम्हालाच पडतात.

भास्कर_आजोबा

नातवंडांबरोबर तीन वर्षं हे करतो आहे, म्हणून चार शब्द. कृती तुम्हा मंडळींना माझ्यापेक्षा जास्त येतात. मी ओव्हनबद्दल बोलतो.

टेबलावरच्या छोट्या ओव्हनची काच आणि पत्रा दोन्ही चटका बसेल इतके तापतात. बंद केल्यावर दिवा विझतो, पण पत्रा पुढे बराच वेळ गरम असतो. चटके बहुधा तेव्हाच बसतात, कारण आपलं लक्ष मफिनकडे गेलेलं असतं. मी फरशीवर ओव्हनपासून दोन हातांवर रंगीत चिकटपट्टी लावली आहे. ओव्हन चालू असो वा बंद, पट्टीच्या आत यायचं नाही. 'आता गरम आहे, आता नाही' हा भेद या वयात शिकवू नये, त्यांचा गोंधळ होतो. पट्टी रोजचीच. नात आता मलाच ओरडते, 'आजोबा, पट्टी!'

दुसरं, मुलाला खुर्चीवर उभं करून ओट्याशी काम देऊ नका. खुर्ची मागे सरकते. आम्ही फरशीवर जुनी चादर पसरून बसतो. सांडलं तर चादरीवर, पडलं तर वीतभर उंचीवरून. काम झालं की चादर चारी कोपऱ्यांनी उचलायची आणि बाहेर झटकायची.

एवढं करून चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नको, लोणी नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड मोठा असेल, किंवा तोंडावर-हातावर असेल, तर डॉक्टर.

गोगलगाय

आजोबा, चादर! मी त्याला खुर्चीवरच उभं केलं होतं आणि एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने सगळं करत होते. खांदा अजून दुखतोय.

साखरेचं काय करता सगळे? सासूबाई म्हणतात गोड नसेल तर तो खाणार नाही.

सानूची_आई

पिकलेली केळी असतील तर वेगळी साखर लागत नाही. सालीवर काळे डाग पडून आलेली हवीत. केळं पिकतं तशी त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, म्हणून तीच केळी चार दिवसांनी जास्त गोड. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर अजिबात नको असं सांगितलं होतं. तुमचा त्यातून बाहेर पडलाय, पण सवय लावायची घाई कशाला?

मधाबद्दलही सांगते, कारण धाकटं भावंडं असलेले वाचत असतील. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, भाजलेल्या पदार्थातही नाही. त्यातल्या जंतूंचे बीजाणू घरच्या ओव्हनच्या उष्णतेने मरत नाहीत.

माझं प्रमाण घे : तीन मोठी केळी (सोलून ३०० ग्रॅमच्या आसपास), एक अंडं, ६० मिली तेल, चार मोठे चमचे दही, १८० ग्रॅम मैदा (निम्मी कणीक चालते, थोडे जड होतात), दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा. १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८ ते २० मिनिटं. पंखा चालू असेल तर १६० ठेव. टूथपिक कोरडी निघाली की झालं. नऊ-दहा होतात. मोठ्यांना फिके लागतील, त्यांनी वर काय लावायचं ते लावावं.

पिंगळा

मी बाबा आहे, मुलगी अडीच वर्षांची. मफिनमध्ये सूर्यफुलाच्या बिया घातल्या होत्या, दुसऱ्या दिवशी आत हिरवेगार ठिपके! बुरशी समजून अख्खी बॅच फेकली. दुसऱ्यांदाही तसंच. कुणाला अनुभव?

शेवंती

अरेरे, फेकायला नको होती. ती बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याने मिश्रण क्षारीय झालं की गार होताना ते हिरवं होतं. खायला काहीही धोका नाही. सोडा कमी करा किंवा थोडं लिंबू पिळा, ठिपके येणार नाहीत. पण कृतीत सोडा आणि पावडर दोन्ही असतील तर दोन्ही दणकून घालू नका, चव साबणासारखी येते.

बिया अडीच वर्षांच्या मुलीला देताना मात्र बारीक कुटून. अख्खे दाणे, अख्खे काजू-बदाम या वयात घशात अडकू शकतात.

पिंगळा

हुश्श. मुलीला हिरवे ठिपके फार आवडले होते, रडली होती फेकताना. आता मुद्दाम करतो, कुटून.

नवखी२

ओव्हन नसेल तर?

शेवंती

जाड बुडाचं मोठं पातेलं, तळाशी स्टँड, त्यावर डबा, घट्ट झाकण, मंद आच, आधी दहा मिनिटं तापवून. केक होतो, पण वरून उष्णता नसल्याने माथा पांढराच राहतो. आणि लहान मूल सोबत असेल तर मी गॅसपेक्षा ओव्हनच बरा म्हणेन. आच उघडी असते, पट्टी लावून भागत नाही.

कुंदा_अ

बिस्किटं कुणीच कशी लिहिली नाहीत? एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. वजनाने. ५०, १००, १५० ग्रॅम. अंडं नाही, सोडा नाही, पावडर नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून काही बिघडतच नाही. मध्येच शी आली, कुणाचा फोन आला, तर गोळा फ्रिजमध्ये ढकलायचा. तसाही अर्धा तास गार करावाच लागतो, नाहीतर बिस्किटं पसरतात.

साच्याने कापणं हे खास त्यांचं काम. आमची साच्यावर चक्क बसते. पहिली चार आपण कापायची, ती नीट येतात. उरलेला लगदा तिच्या ताब्यात, त्याची जी काय बिस्किटं होतील ती होतील. जाडी मात्र सारखी करून घ्या, पातळ कड आधी करपते. १६० ते १७० अंश, पंधरा मिनिटांनी बघायला लागा, कडा सोनेरी झाल्या की काढा. गरम असताना मऊ लागतात, फसू नका, गार झाल्यावर कडक होतात.

सानूची_आई

आणि कुणी मिठाच्या पिठाचे दागिने-खेळणी भाजायचं सुचवलं तर या वयात टाळा. त्यात पिठाच्या निम्मं मीठ असतं आणि ही मंडळी सगळं तोंडात घालतात. एवढं मीठ लहान मुलाला खरंच बाधतं.

यीस्टप्रेमी

तुम्ही सगळे अवघड वाटेने चालला आहात. दोन वर्षांच्या मुलाबरोबर करायचा पदार्थ एकच, पाव.

वर शेवंतीताईंनीच लिहिलंय, मफिनला ग्लुटेन नको, पावाला हवं. मग ज्याला थांबवताच येत नाही अशा माणसाला पावाच्याच कामाला लावा ना! आपटा, ओढा, बुक्क्या मारा, सगळं पावाला मानवतं. ३०० ग्रॅम मैदा, १९० मिली कोमट पाणी, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल. पाणी मनगटावर घालून बघायचं, बाळाच्या दुधासारखं लागलं पाहिजे. जास्त गरम पाण्यात यीस्ट मरतं. दहा मिनिटं तिंबायचं. पोरगं दोन मिनिटं तिंबेल, आठ तुम्ही.

आता मजा. गोळ्यातला एक लिंबाएवढा तुकडा सरळ उभ्या काचेच्या बरणीत दाबून बसवा आणि तो जिथवर आहे तिथे बाहेरून रबरबँड लावा. झाकण सैल. पीठ रबराच्या वर चढत जातं ते मुलाला दिसतं. मोठा गोळा फुगलाय की नाही हे बरणी आपल्यालाही सांगते. दुप्पट झालं की (तास-दीड तास, थंडीत जास्त) मोठ्या गोळ्याचे छोटे गोळे करून ट्रेवर पाऊण तास ठेवा, मग २०० अंशांवर वीसेक मिनिटं.

खडूस_काका

बुक्क्या मारायचं काम मलाही द्या.

गोगलगाय

अहवाल देते. आधी मफिन.

रात्री सगळं मोजून ठेवलं. सकाळी चादर. कोरडं ढवळायला दिलं, पहिल्याच मिनिटाला त्याने भांड्यात तोंड घालून जोरात फुंकर मारली. पापण्यांपर्यंत पांढरा. शिंक आली, हसला, पुन्हा फुंकर. चादरीने वाचवलं. तेवढ्यात त्याची जीभही मैद्याला लागलीच, कुंदाताई, रागावू नका. केळी त्याने पाचही बोटांनी कुस्करली आणि हात केसांना पुसला. 'माझी वाटी' मात्र लगेच जमलं, मोठ्या भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटचे हात मी बारा मोजून मारले, गुठळ्या दिसत होत्या, जीव वर-खाली होत होता, तरी थांबले. तो तेव्हा कागदी कप डोक्यावर ठेवत होता.

लाल कप आत गेला. ओठ काढला एकदा. 'झोपलं' म्हटलं तर ओव्हनकडे बघून बोट ओठांवर, 'शूऽऽ'. मग पूर्ण वीस मिनिटं घरात कुणाला बोलू दिलं नाही. मला फोन आला तो बाहेर जाऊन घ्यावा लागला.

मफिन मऊ झाले! बोगदे नाहीत! नवऱ्याने तीन खाल्ले. पोराने आपला लाल कपातला हातात घेतला, दिवसभर घरभर फिरवला, आजीला दाखवला, झाडाला दाखवला, बाथरूममध्ये नेला. खाल्ला मात्र नाही. एक घासही नाही.

सानूची_आई

हाहा, खात नाहीतच. सानूने पहिला मफिन खाल्ला तो पाचव्या खेपेला, आणि तोही वडिलांच्या ताटातला.

भास्कर_आजोबा

खांदा कसा आहे?

गोगलगाय

खांदा बरा आहे आजोबा. :) पट्टीही लावली, निळी.

आणि यीस्टप्रेमी, आज पाव घेतलाय. बरणीला रबर लावून खिडकीत ठेवली आहे. तो समोर मांडी घालून बसलाय आणि दर अर्ध्या मिनिटाला विचारतो, 'आलं?'

अजून नाही आलं.